गिझर पेटत नाही? आधी कान द्या

थंडी पडली की माझा फोन सकाळी साडेसहापासून वाजतो. पलीकडे एकच वाक्य असतं, "अहो, गिझर पेटत नाहीये." मी विचारतो, "टकटक येते का?" मग शांतता. माणूस अर्धवट भिजलेला, कुडकुडतोय, आणि हा बाबा टकटक काय विचारतोय असं त्याला वाटतं. पण त्या उत्तरात माझं निम्मं काम झालेलं असतं. 19 वर्षं गॅस गिझर उघडतोय, आणि त्यातले बरेचसे उघडायची गरजच नव्हती, हे आता कळतं.

गिझर म्हणजे मी इथे टाकी नसलेला, नळ सोडला की आपोआप पेटणारा, दोन जाड्या सेलवर चालणारा गॅस गिझर धरतोय. विजेच्या गिझरचा यात काही संबंध नाही.

कुठलीही खटपट करण्याआधी नाक वापरा. गॅसचा वास येत असेल तर तो गिझर आज पेटवायचा नाही. सिलिंडर किंवा पाइपचा मुख्य कॉक बंद करा, दारं-खिडक्या उघडा, दिव्याची बटणं चालू-बंद करू नका, एग्झॉस्ट फॅनसुद्धा लावू नका, कारण बटणाच्या आतली ठिणगी पुरेशी असते. एलपीजी हवेपेक्षा दीड ते दोनपट जड. तो खाली बसतो, मोरीच्या जाळीत, कोपऱ्यात, कपाटाखाली साचतो. त्यामुळे नुसती वरची खिडकी उघडून भागत नाही, दार उघडून जमिनीलगतची हवा बाहेर जाऊ द्यावी लागते. पाइपने येणारा नैसर्गिक गॅस उलटा, हवेपेक्षा हलका, छताकडे जातो. वास नसेल तर पुढचं वाचा.

चार आवाज

गरम पाण्याचा नळ पूर्ण सोडा आणि गिझरजवळ गप्प उभे राहा. बाकीच्यांनाही गप्प करा. एका पाठोपाठ एक चार आवाज यायला हवेत.

पहिला पाणी आत सरकल्याचा. दुसरा ठिणगीचा टकटकटकटक. त्याच्याबरोबर किंवा क्षणभर मागून एक जाड 'खट्', तो गॅसची वाट उघडणाऱ्या सोलेनॉइडचा. आणि चौथा भस्सकन बर्नर पेटल्याचा. ही साखळी जिथे तुटते तिथे दोष असतो, किंवा त्याच्या एक कडी अलीकडे. एवढं समजलं तर मेकॅनिकला बोलवायचं की नाही, आणि बोलावलं तर तो काय बदलायला निघालाय ते बरोबर आहे का, हे दोन्ही तुमचं तुम्हाला कळतं.

मी स्वतः हे शिकलो ते फजिती होऊन. धंद्याच्या दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी एका घरी गिझर पेटत नव्हता. टकटक अजिबात नाही. सेल नवे होते, म्हणजे किट गेलं, असा मी निकाल दिला. किट म्हणजे ती काळी डबी, जिच्यातून सगळ्या वायरी निघतात. नवीन बसवलं. नळ सोडला, टकटक आली, पेटला. पैसे घेऊन आलो. दोन दिवसांनी परत फोन, पेटत नाही. गेलो, नळ सोडला, पेटला. घरच्या बाई म्हणाल्या, "तुम्ही आलात की पेटतो, आम्ही आंघोळीला गेलो की नाही." तिसऱ्या खेपेला मी त्यांना म्हटलं, तुम्ही नेहमी करता तसंच करून दाखवा. त्यांनी नळ नाही सोडला, शॉवर सोडला. आणि टकटक नाही. शॉवरचं तोंड फिरवून काढलं, तर आत पांढरे खडे, वाळूच्या जाड कणांएवढे, आणि निम्मी भोकं क्षाराने बुजलेली. तिथून पाण्याची धारच एवढी बारीक येत होती की गिझरला पाणी चालू झाल्याचं कळतच नव्हतं. जुनं किट चांगलं होतं. ते मी परत बसवून दिलं आणि नव्याचे पैसे परत केले. तेव्हापासून मी आधी माणसाला नळ सोडायला सांगतो, स्वतः सोडत नाही.

टकटकच येत नाही

इथे दोनच वाटा आहेत. पाणी किंवा सेल. किट तिसरं, आणि ते खरंच क्वचित.

पाण्याचं आधी समजून घ्या, कारण यात सगळ्यात जास्त गैरसमज. लोक म्हणतात, "प्रेशर भरपूर आहे हो." असेल. पण गिझरला नुसतं प्रेशर कळत नाही, वाहणं कळतं. पाण्याच्या वॉल्व्हमध्ये एक रबरी पडदा असतो, डायफ्रॅम. पाणी वाहायला लागलं की पडद्याच्या दोन बाजूंच्या दाबात फरक पडतो, पडदा सरकतो, तो एक बारीक दांडी ढकलतो आणि दांडी मायक्रोस्विच चालू करते. नळ बंद असताना दोन्ही बाजूंचा दाब सारखा, पडदा जागेवर. नळ अर्धवट सोडलात तर फरक थोडा, दांडी अर्धीच सरकते. (नव्या डिजिटल गिझरमध्ये पडद्याऐवजी पाण्याने फिरणारं छोटं चक्र असतं, पण त्यालाही हवी ती धारच.)

धार मोजायला यंत्र लागत नाही. एक लिटरचं मोजपात्र गरम पाण्याच्या नळाखाली धरा आणि घड्याळ बघा. बहुतेक गिझरना मिनिटाला दोन ते अडीच लिटर पाणी लागतं. 25 सेकंदांत लिटर भरला नाही तर गिझरला दोष देऊ नका. टाकीची उंचीही बघा. टाकीतलं पाणी नळापेक्षा जितके मीटर वर, तितका दाब, 10 मीटरला साधारण 1 बार. गिझरच्या अंगावरच्या पट्टीवर किमान दाब लिहिलेला असतो, 0.02 किंवा 0.03 एमपीए (मेगापास्कल, 1 एमपीए म्हणजे 10 बार) असा काहीतरी. 0.03 म्हणजे सुमारे 3 मीटर. वरच्याच मजल्यावर राहणाऱ्याच्या डोक्यावर टाकी जेमतेम दीड मीटर असते, मग गिझर हट्ट करतो, त्यात नवल नाही. कमी दाबावर चालणारे गिझर वेगळे मिळतात.

धार कमी असेल तर शोधायची जागा ठरलेली. गिझरच्या आत जाणाऱ्या थंड पाण्याच्या नट्टीत एक बारीक जाळी असते. पाण्याचा कॉक बंद करा, खाली बादली ठेवा, पान्याने नट्टी सोडा, जाळी बाहेर काढा. जुन्या दातांच्या ब्रशने ती वाहत्या पाण्याखाली घासा. टाकी नुकतीच धुतली असेल किंवा पाणी गढूळ येऊन गेलं असेल तर तिथे गाळाचा लगदाच मिळेल. परत बसवताना वायसर विसरू नका, तो जुन्या नट्टीत चिकटून बसलेला असतो आणि नंतर तुम्ही तो जमिनीवर शोधत बसता. शॉवरचं तोंड रात्रभर व्हिनेगरमध्ये टाकलं की क्षार सुटतात.

एक प्रकार फसवा असतो. थंड पाण्याच्या लायनीवर पंप बसवलेला, गरम पाण्याच्या लायनीवर नाही, आणि दोन्ही एकाच मिक्सरला येतात. थंड पाणी जोरात येऊन गरम पाण्याला मागेच दाबून धरतं. गिझर पेटतो, थंड उघडलं की विझतो. असे लोक वर्षानुवर्षं किट बदलत राहतात. थंडाचा कॉक थोडा आवळला की झालं.

आता सेल. डबीतून बाहेर काढा आणि बघा. टोकाला पांढरी किंवा हिरवी भुकटी असेल तर सेल पाझरलेत. डबीच्या पट्ट्या सुक्या फडक्याने, मग व्हिनेगरच्या बोळ्याने पुसा, पूर्ण वाळू द्या. स्प्रिंग गंजून मोडली असेल तर डबीच बदलावी लागते. नवे सेल घालताना दोन्ही एकाच वेळचे, अल्कलाइन. एक नवा, एक जुना ही काटकसर महागात पडते. चार्ज होणारे सेल घालू नका. त्यांचा एकेक 1.2 व्होल्टचा, म्हणजे दोन मिळून 2.4, आणि गिझरला 3 लागतात. थोडे दिवस चालतो आणि मग नेमका केसाला शाम्पू लावल्यावर बंद पडतो.

पाणीही ठीक, सेलही ठीक, तरी टकटक नाही? मग एकच परीक्षा, आणि ती सुद्धा ज्याला पक्कड-स्क्रूड्रायव्हर हातात धरायची सवय आहे त्यानेच करावी. गॅसचा कॉक बंद करा. खरंच बंद करा, नुसतं "केलाय बहुतेक" नको. पुढचं झाकण काढा. पाण्याच्या वॉल्व्हजवळ पत्ती असलेला छोटा काळा मायक्रोस्विच दिसेल. ती पत्ती बोटाने हलवा. ठिणगीच्या जाड वायरपासून हात लांब ठेवा, झटका मरण्याइतका नसतो पण हात उडतो आणि कोपर पत्र्यावर आपटतं, अनुभवाने सांगतो. पत्ती हलवल्यावर टकटक आली, तर सेल, किट, वायरी सगळं बरं आहे आणि दोष पाण्याच्या बाजूला आहे, बहुधा पडदा. तो कडक होतो, नाहीतर फाटतो, आणि फाटला की दांडीच्या बुडाशी पाण्याचा थेंब दिसतो. पत्ती हलवूनही काही झालं नाही तर स्विच, वायर किंवा किट. तिथून पुढे मेकॅनिक.

टकटक येते, पण पेटत नाही

हा सगळ्यात जास्त येणारा फोन. आणि माझं पहिलं उत्तर सगळ्यांना खोटं वाटतं: सेल बदला.

"अहो, टकटक येतेय की! म्हणजे सेल चांगले आहेत ना?" नाही. ठिणगीला फार थोडी वीज लागते. सोलेनॉइडला गॅसची वाट उघडण्यासाठी जो एक हिसका द्यावा लागतो, त्याला जास्त लागते. मेलेल्या सेलमध्ये टकटक करण्याइतका जीव असतो, 'खट्' करण्याइतका नसतो. म्हणून कान दिलात तर ओळखू येतं. टकटक आहे, खट् नाही. सेल मीटरवर बघायचेच असतील तर टकटक चालू असताना बघा. नुसते पडून असलेले सेल 3 व्होल्ट दाखवतील, काम लावलं की अडीचच्या खाली घसरतील. टकटकीचा वेगही सांगतो, नव्या सेलवर ती घाईची असते आणि जुन्यांवर दमलेली.

नवे सेल घालूनही खट् नाही, तर सोलेनॉइड चिकटलाय, त्याची वायर सुटलीय किंवा किट त्याला वीज देत नाही. वायर सुटलेली घरी दाबून बसवता येते. सोलेनॉइड स्वतः गॅसच्या वाटेवर बसलेला असतो, तो खोलून साफ करणं हे तुमचं काम नाही. व्हिडिओ बघून करणारे भेटतात. आतला रबरी वायसर जरा वाकडा बसला की बंद गिझरमधून गॅस गळत राहतो, आणि ते कळतं तेव्हा उशीर झालेला असतो.

खट् आला, टकटक चालू, पण पेटत नाही. मग गॅस पोचतोय का? सगळे स्वयंपाकघरात जाऊन शेगडी पेटवून बघतात, पेटली म्हणतात. चांगली गोष्ट आहे, पण तेवढ्याने सिद्ध होत नाही. शेगडीचा एक बर्नर साधारण 2 ते 3 किलोवॅटचा असतो, 6 लिटरचा, म्हणजे मिनिटाला 6 लिटर पाणी तापवणारा गिझर पूर्ण जोरात 10 ते 12 किलोवॅट ओढतो. तळाला गेलेल्या सिलिंडरवर शेगडी अर्धा-पाऊण दिवस चालते, गिझर नाही. शेगडीची परीक्षा घ्यायचीच तर सगळे बर्नर पूर्ण मोठे करून घ्या आणि ज्योत दबते का बघा. रबरी नळी कुठे मुडपलीय का, कपाटाच्या दारात चेपलीय का, रेग्युलेटर नीट बसून खटका पूर्ण फिरलाय का, हे डोळ्यांनी आणि हातांनी तपासा.

सिलिंडर नुकताच बदललाय? मग नळीत हवा भरलीय. ती निघून जाईपर्यंत दोन-तीनदा प्रयत्न लागतो. प्रत्येक वेळी किट काही सेकंद टकटक करून स्वतःच गॅस तोडतं आणि रुसून बसतं. नळ बंद करून पुन्हा सोडल्याशिवाय परत प्रयत्न करत नाही. हे बिघाड नाही, सुरक्षा आहे. मध्ये मिनिटभर जाऊ द्या. तीन प्रयत्नांत नाही पेटला तर चौथा करू नका. न पेटलेला गॅस पेटीत आणि आसपास साचत असतो.

कडाक्याच्या थंडीत आणखी एक. सिलिंडरमधला गॅस द्रव असतो, तो उकळून वायू होतो तेव्हाच बाहेर येतो. त्यात प्रोपेन आणि ब्युटेन मिसळलेले असतात. प्रोपेन उणे 42 अंशाला उकळतो, पण ब्युटेन शून्याच्या जेमतेम खाली. गार पडलेल्या, अर्ध्या रिकाम्या सिलिंडरमधून मोठ्या गिझरला पुरेल एवढा वायू सुटत नाही. सिलिंडरच्या बुडाशी दव किंवा बर्फाचा पापुद्रा दिसला तर ओळखा. यावर उपाय म्हणून सिलिंडर आडवा करणारे, त्यावर गरम पाणी ओतणारे लोक मी पाहिलेत. आडवा केला की वायूऐवजी द्रव नळीत शिरतो, आणि मग बर्नरमधून ज्योत नाही, भडका येतो. सिलिंडर उभाच ठेवायचा, थांबायचं किंवा बदलायचा.

गॅसही येतोय असं वाटतं, तर ठिणगी कुठे पडतेय ते बघा. दिवे मालवा, खिडकीवर काहीतरी टाका, आणि गॅस बंद ठेवून नळ सोडा. झरोक्यातून निळी ठिणगी दिसली पाहिजे, ठिणगीच्या पिनेच्या टोकापासून बर्नरच्या पत्र्यावर उडणारी. पिनेचं टोक आणि बर्नर यांत 3 ते 5 मिलिमीटर अंतर असतं. कधी टकटक जोरात ऐकू येते पण ठिणगी मागेच, वायरपाशी पडत असते. पिनेभोवतीच्या चिनी मातीच्या नळीला केसाएवढी चीर गेलेली असते किंवा वायरवर दमट धूळ बसलेली असते. अंधाराशिवाय हे दिसत नाही. उजेडात बघून "स्पार्क येतोय" म्हणणाऱ्या मेकॅनिकवर मी विश्वास ठेवत नाही.

आणि गिझर चार-सहा महिने बंद होता का? मग कोळी. खरंच सांगतो. बर्नरच्या तोंडाच्या नळीत आणि जेटच्या, म्हणजे बर्नरमध्ये गॅस सोडणाऱ्या पितळी तोटीच्या भोकासमोर कोळी जाळं विणतो. भोक मिलिमीटरभराचंसुद्धा नसतं, त्याला एक धागा पुरतो. एकदा एका बर्नरमधून कोष काढला, कापसाच्या बोळ्यासारखा, आत पिल्लं. गिऱ्हाईक म्हणालं, याचे पैसे वेगळे का? बर्नर बाहेरून कोरड्या ब्रशने झटका, पण जेटमध्ये सुई घालू नका. पितळ मऊ असतं, भोक रुंदावलं की ज्योत पिवळी होते आणि काजळी सुरू होते.

नव्या घरात जुना गिझर आणून लावला असेल तर पट्टी वाचा. एलपीजीसाठी दाब साधारण 28 ते 30 मिलिबार, पाइपच्या गॅससाठी 20 च्या आसपास, आणि दोन्हींचे जेट वेगळे. एकाचा गिझर दुसऱ्यावर नीट चालत नाही. पेटलाच तर ते जास्त वाईट.

पेटतो आणि विझतो

किती वेळाने विझतो यावर सगळं आहे.

तीन ते पाच सेकंदांत विझत असेल तर सेन्सर. ठिणगीच्या पिनेशेजारी दुसरी एक पीन असते, ती ज्योतीत बुडालेली राहते. ज्योतीतून अगदी सूक्ष्म वीज वाहू शकते, काही मायक्रोअँपिअर. ती मिळाली तर किटला कळतं की पेटलं, नाही मिळाली तर ते गॅस तोडतं. पिनेवर काजळी किंवा पांढरा थर बसला की वीज अडते. गॅस बंद, गिझर गार, आणि शून्य नंबरच्या पॉलिश पेपरने पीन दोन-चारदा हलकी पुसा. वाकवू नका. तिची वायर आणि बॉडीला लागलेली अर्थची वायर दाबून बघा. पाच मिनिटांचं काम आहे आणि यासाठीच सगळ्यात जास्त चांगली किटं भंगारात गेलीत.

बरोबर वीस मिनिटांनी विझतो? तो बिघाड नाही. पुष्कळ गिझरमध्ये 20 मिनिटांचा टायमर असतो. नळ बंद करून सोडा, परत पेटेल.

पाच-दहा मिनिटांनी, कधी आधी कधी नंतर विझतो, पाणी आधी उकळल्यासारखं येतं, तर तो तापून बंद पडतोय. पाणी कमी आणि आग जास्त. उन्हाळ्यात हे हमखास होतं, कारण टाकीतलं पाणी आधीच कोमट. खालच्या बटणावर उन्हाळा-हिवाळा असेल तर उन्हाळ्यावर करा, गॅस कमी करा, पाणी वाढवा.

आणि गार दिवसांत, दार-खिडक्या बंद असताना विझत असेल, डोकं जड होत असेल, तर लगेच बाहेर या.

ज्याच्यासाठी मी भांडतो

1868 साली लंडनच्या बेंजामिन वॅडी मॉन याने गॅसवर झटपट पाणी तापवणारं यंत्र केलं आणि आइसलँडच्या उष्ण झऱ्यावरून त्याला 'गीझर' नाव दिलं. त्याला धूर बाहेर नेणारं धुराडं नव्हतं. दीडशेहून अधिक वर्षं झाली, आणि अजून मला बाथरूमच्या आत, धुराड्याशिवाय टांगलेले गिझर दिसतात.

हिशेब करून दाखवतो. 6 लिटरचा गिझर तासाला सुमारे 0.9 किलो एलपीजी जाळतो, त्याला 11 ते 12 घनमीटर हवा लागते. दीड बाय दोन मीटरच्या, अडीच मीटर उंच न्हाणीघरात हवा सगळी मिळून साडेसात घनमीटर. पाव तासात तो 3 घनमीटर हवेतला ऑक्सिजन ओढून घेतो. ऑक्सिजन कमी पडला की ज्योत पिवळी होते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनपेक्षा 200 पटींहून घट्ट धरतं. डोकं दुखतं, मळमळतं, पायातली शक्ती जाते, आणि कडी उघडायची कळूनही हात उचलत नाही.

एका घरी गार वारा येतो म्हणून हवेची जाळी पुठ्ठ्याने आणि चिकटपट्टीने बंद केलेली. तक्रार काय, तर गिझर मध्येच विझतो. मी झाकण काढलं, वर तांब्याच्या पात्यांमध्ये काजळी इतकी की बोट काळं झालं. म्हटलं, हा दुरुस्त करणार नाही, आधी बाहेर काढा. आजोबा चिडले. "तुम्ही पेटवून द्या, बाकीचं आमचं आम्ही बघू." मी हत्यारं गोळा केली. निघताना पुठ्ठा मात्र ओढून काढला आणि बरोबर घेऊन आलो. आठवडाभराने त्यांच्या सुनेचा फोन आला, गिझर गॅलरीत लावायचाय, कधी येता?

गिझर बाहेरच्या मोकळ्या हवेत हवा, नाहीतर धुराडं थेट बाहेर गेलेलं हवं. विझणारा गिझर कधीकधी तुम्हाला वाचवत असतो. त्याचा सेन्सर तोडून तो "चालू करून देणारा" मेकॅनिक भेटला तर त्याला घरात येऊ देऊ नका.

तसंच, नळ सोडल्यावर काही सेकंद काही नाही आणि मग 'भप्प' असा आवाज होऊन झाकण थरथरतं, कधी झरोक्यातून ज्योत बाहेर येते. याला लोक सवयीने हसतात. गॅस आधी साचतो आणि उशिरा पेटतो, म्हणून तो आवाज. सेल नवे घाला, पीन कोरडी पुसा, आणि तरी झालं तर वापर बंद. झरोक्यातून वाकून बघायची सवय असेल तर तीही बंद. माझ्या उजव्या भुवईत अजून एक रिकामी जागा आहे.

मेकॅनिकला फोन करताना

"पेटत नाही" म्हणू नका. "टकटक येते, खट् येत नाही, सेल काल बदललेत, धार लिटरला 18 सेकंद," असं सांगा. समोरचा माणूस बरोबर सुटा भाग घेऊन येईल, आणि तुम्हाला येड्यात काढायची हिंमतही करणार नाही.

काम झाल्यावर त्याला लगेच सोडू नका. तीनदा नळ बंद करून पेटवून घ्या, एकदा शॉवरवरून. ज्योत निळी आहे का बघा. गॅसच्या प्रत्येक जोडावर साबणाचा फेस लावायला सांगा आणि मिनिटभर बघत राहा, फुगा वाढत असेल तर गळती आहे. काडी ओढून गळती बघणारा असेल तर त्याला थांबवा.

आणि सेल घातलेत त्या दिवसाची तारीख मार्करने सेलवरच लिहून ठेवा. पुढच्या खेपेला "आत्ताच तर बदलले होते" असं घरातलं कोणीतरी म्हणतंच.